सहा आठवड्यांचं घर

शाळा सोडल्यापासून मावशी मला सगळीकडे ओढत नेते. आज ॲरिझोनाच्या वाळवंटातली कुठल्यातरी श्रीमंतांची जुनी हवेली. बेडरूम बघायला पण रांग! डोकं फिरलं होतं. पुढे एक काकू आणि त्यांचा मुलगा उभे होते.

"ऋषी, गाईड काय म्हणाली रे?"

"फॅमिली थंडीत सहाच आठवडे यायची. बाकी वर्षभर घर रिकामं."

"आणि एवढी मोठी बाग?"

"केअरटेकर होती ना एक बाई. बागेला पाणी घालायची, सगळ्या बेडवरच्या चादरी झटकायची."

"मीपण तुझ्या खोलीतली झटकते. दर शनिवारी."

"कशाला करतेस आई एवढं?"

"मग तिथे कॉलेजची एखादी मुलगी ठेवू? संध्याकाळी दार उघडायला कोणीतरी असेल."

"अगं, मग मी पुण्याला आल्यावर झोपू कुठे?"

"मागच्या वेळी किती दिवस होतास?"

"नऊ."

"त्यातले पाच सासुरवाडीला."

"आई, चल, रांग सरकली. खोलीचं आपण नंतर बोलू."

"बरं. नको ठेवायला कोणाला."

"रागावलीस?"

"नाही रे. नवीन चादर घेतलीय तुझ्यासाठी. निळी."