दाराआडच्या गांधीलमाश्या

…अन् वरून लोक मलाच इचारून राहिले, रखमाजी, तुमी भ्यालता का हो? भ्यालो? मी? तुमाला सांगतो, या सिद्धेश्वरच्या धरणामागच्या माळावर मी पन्नास वर्षं मेंढरं राखली, लांडगा समोरून बघितला, साप तर इतके की आता ध्यानात ठेवत न्हाई, अन् बोटाच्या पेराएवढ्या गांधीलमाशीला मी भिऊ? भ्यालो न्हाई. फक्त पळालो. पळणं येगळं, भिणं येगळं.

हे सगळं कशापायी, तर एका संडासापायी. आठ वर्षांमागं योजनेतून अंगणाच्या कोपऱ्यात बांधला, पत्र्याचं दार बसवलं, मला दारापुढं उभं करून फोटो काढला, झालं. वापरणार कोण? मी तर तवाच म्हणलो, जिथं जेवायचं तिथंच शेजारी हे करायचं, जनावरबी असं करत न्हाई. माझी बाभळ हाय ना. ओढ्याच्या काठाला, सावली चांगली, वारं चांगलं, साठ वर्षं झाली, पहाटं तिथं जाऊन आल्याबिगर माझा दिवस उगवत न्हाई. मग त्या संडासाचं काय करायचं? पक्की भिंत, वर पत्रा, अशी कोरडी जागा गावात दुसरी न्हाई. आमी त्यात लोकर ठेवली. लोकरीची पोती, कातरी, दोन घोंगड्या. शिवहारची माय, म्हंजी आमची सत्यभामा, दर पावसाळ्यात म्हणायची, बांध निसरडा झालाय, एक दिवस पडंल मी. मी म्हणायचो, बघून पाय टाकत जा.

पडली ना. भादव्यात, हातात लोटा, बांधावरून जी घसरली ते खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेली, हाडात सळई घातली, अन् डॉक्टर, माझ्या नातवाच्या वयाचा, तो मला म्हणतो, बाबा, यांना आता रानात जायचं न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई, घरी संडास हाय ना? मी म्हणलो, हाय की. पक्का हाय. फोटोबी हाय त्याचा.

गुरुवारी म्हातारी घरी यायची होती. मंगळवारी मी लोकर काढायला दार उघडलं. उघडलं म्हंजी चार बोटं. आतून आवाज असा की पिठाची गिरणी चालू झाली. दाराच्या आतल्या अंगाला पोळं… केवढं? भाकरीचा तवा असतो ना, तेवढं. अन् त्यावर पिवळ्याधमक गांधीलमाश्या, सगळ्या तोंडं माझ्याकडं करून. मी दार लावलं. हळूच लावलं. भ्यालो न्हाई, इचार करायला लावलं.

मग सल्ले. पोरगा शिवहार दवाखान्यातून फोनवर सांगून राहिला, आबा, हात लावू नका, मी आल्यावर फवारा मारतो. आत माझी सालभराची लोकर अन् हा फवारा मारतो! शेजारचा सादिक, त्याचं जवळा बाजारला वेल्डिंगचं दुकान हाय, तो म्हणला, मामा, दिवसा छेडू नका, गुरुवारी दुकानाला सुट्टी घेतो, दिवस मावळला की आपण बघू. गुरुवारी मावळतीला! म्हातारी तर दुपारी येणार. त्याची माय मदीनाबी, ती ओट्यावरूनच म्हणली, भाऊ, काहून तकलीफ घेता, भाभीला माझ्या घरी घेऊन या, माझा संडास हाय ना. मी म्हणलो, आमचा आमाला हाय. पक्का हाय. अरे, बायको दवाखान्यातून येणार अन् दुसऱ्याच्या दारात लोटा घेऊन जाणार? गाव काय म्हणंल?

बुधवारी मी घमेल्यात लिंबाचा ओला पाला पेटवून दाराखालून धूर सोडला. आमच्या बापजाद्यांचा उपाय हाय, बराबर चालतो. चालला की. माश्या वरच्या झरोक्यातून निघाल्या, त्या थेट शेळ्यांत शिरल्या, शेळ्यांनी दावी तोडली, एक मदीनाबीच्या चुलीपर्यंत गेली अन् तिथली ज्वारीच्या पिठाची परात उलटी करून आली. घटकाभरानं माश्या परत आपल्या घरी. मी शेळ्या हुडकत दिवसभर गावात.

आता राहिला गुरुवार. मी म्हणलो, रखमाजी, तू धनगराचा पोरगा, तुझी घोंगडी काय कामाची? घोंगडीतून पाऊस येत न्हाई, थंडी येत न्हाई, मग माशी काय येती? काळी घोंगडी डोक्यापासून पायापर्यंत लपेटली, तोंडाला सादिकचं हेल्मेट घातलं, हातात बांबू घेतला, दार उघडलं अन् पोळ्याला एक दणका दिला. पोळं हललं बी न्हाई. माश्या हलल्या.

आता तुमाला एक गोष्ट सांगतो, पन्नास वर्षं घोंगडी पांघरली पण मला बी ठाऊक नव्हती. घोंगडीवर माशी बसली की तिचे पाय लोकरीत अडकतात. अडकली की उडता येत न्हाई, उडता आलं न्हाई की चिडती, अन् अशा तीस-चाळीस चिडलेल्या माश्या मी आपल्याच हातानं अंगावर बांधून घेतलेल्या! अन् हेल्मेटात एक. एकच होती, खोटं काहून बोलू. पण हेल्मेटात दोघांना जागा किती असती?

घोंगडी फेकली, बांबू फेकला, पळालो तो थेट शेळ्यांच्या पाण्याच्या हौदात. अन् त्याच टायमाला दारात जीप. पुढच्या सीटवर म्हातारी. तिनं बघितलं, एक माणूस धोतरावर हेल्मेट घालून हौदात बसलेला. शिवहारला इचारती, हे कोण रे? शिवहार म्हणला, माय, आबा हायेत.

शिवहारनं म्हातारीला हळूच खाली उतरवलं. तीन तास गाडीत अवघडून बसली होती, तिला आता घाई. तिनं त्या दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् शांतपणानं म्हणली,

"आठ वर्षं मी सांगून राहिले ते तुमाला कळलं न्हाई. माश्यांला कळलं. त्या राहायलाच गेल्या."

मग मदीनाबी आली, तिनं एका बाजूनं धरलं, शिवहारनं दुसऱ्या, अन् म्हातारी दवाखान्यातून दिलेली, धरून चालायची चार पायांची चौकट एकेक पाऊल पुढं सरकवत गल्ली ओलांडून मदीनाबीच्या संडासाला गेली. सगळी गल्ली बघत होती. मागं मी. हातात तिचा लोटा. साठ वर्षांत बायकोचा लोटा धरला नव्हता मी. अन् डोक्यात हेल्मेट तसंच, पट्टा निघत नव्हता. बरंच झालं म्हणा, तोंड तरी दिसलं न्हाई.

मावळतीला सादिक आला. माश्या गपगार बसल्या होत्या. त्यानं पोळ्यावर हळूच ओलं पोतं टाकलं, बिजागऱ्यांचे नट सोडले, अन् दारच काढलं! पाव तास. एक टोक त्यानं धरलं, एक मी. नाव ठेवायला जागा न्हाई, धरलं मी. तो म्हणला, मामा, उकिरड्यावर ठेवू. मी म्हणलो, तिथं लेकरं खेळतात, गावापासून लांब नेऊ, ओढ्याच्या काठाला, माझ्या बाभळीला टेकवून ठेव. मीच म्हणलो बरं का. माझ्याच तोंडानं.

दुसऱ्या दिवशी आमी लोकर बाहेर काढली, सादिकनं नवं दार बसवलं, आत संडासाची खुर्ची ठेवली. म्हातारी आत गेली, आतून कडी लावली. मी बाहेर उभा. कडीचा आवाज ऐकला अन् बरं वाटलं, खोटं काहून बोलू. मग लोटा घेतला अन् निघालो माझ्या बाभळीला…

तिथं ते दार. पोतं खाली गळालेलं, दारावर पोळं. अन् पोळ्यावरून सगळ्या तोंडं माझ्याकडं करून. साठ वर्षं माझ्या बाभळीला दार नव्हतं, आता दार हाय अन् मलाच आत जाता येत न्हाई.

तवापासून रोज पहाटं मी अंगणात लोटा घेऊन उभा असतो. दार वाजवलं की आतून म्हातारी म्हणती, "घाई काहून करून राहिले? बाभळीला जावा की. भिता का काय?"

भीत न्हाई हो. फक्त थांबतो.