पिंट्या नावाचं कार्ड

दादाच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा मोबाईल वाजला राजेहो. अकोल्याच्या डाळमिलमधला पोती भरायचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बंद पडला होता, तो दादाच दुरुस्त करायचा. दादा गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं आणि त्याच दमात म्हणालो, "मी येतो." बडनेऱ्याहून गाडी पकडली.

मालक दारातच म्हणाले, "तुले जमते का? नाहीतर नागपूरहून कंपनीचा माणूस बोलावतो."

"आधी पाहू तर द्या," मी म्हणालो.

मेन स्विच पाडून काट्याची पेटी उघडली. मागच्या पट्टीत, म्हणजे बॅकप्लेनमध्ये, सर्किटची चार कार्डं उभी. प्रत्येकावर दादाच्या अक्षरात आमच्या घरातलं नाव. पॉवर सप्लाय आई, सीपीयू वहिनी, डिस्प्ले बाबा. वजन मोजणारं शेवटचं कार्ड पिंट्या, म्हणजे मी.

ऑपरेटर गजूभाऊ म्हणाले, "इंग्रजी नावं माह्या ध्यानात राहत नव्हती, म्हणून तुह्या दादानं हे लिहून देलं. काटा अडला की फोनवर म्हणे, आधी पिंट्याले दाबा, तोच ढिला असते."

"मंग दाबलं काहून नाही?"

"दाबलं ना बाप्पा! ऐकतच नाही."

मी बराच वेळ पेटीत डोकं घालून राहिलो. गजूभाऊंना वाटलं, बिघाड शोधतोय.

मग पिंट्याला बाहेर काढलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या दादा घासायचा तशाच खोडरबरानं घासल्या आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. स्विच टाकला. काटा शून्यावर आला.

मालक म्हणाले, "आता बंद पडला तर फोन कोणाले लावू?"

"दादालेच लावा. नंबर तोच आहे, उचलीन मी."