चार पातेली भात

हनुमंत : हार्टनं गेली म्हनून लिवलंय न्हवं तुमच्या कागदात? मंग पुन्ना इचारायचं काय ऱ्हायलं?

सई : लिहिलंय, आबा. शकुबाई हनुमंत ओव्हाळ, वय सेहेचाळीस, हृदयविकाराचा झटका. रजिस्टरात तेवढंच आहे. म्हणून आम्ही घरी येऊन घरच्यांकडून ऐकून घेतो. किती दिवस आजारी होत्या, शेवटी काय काय त्रास झाला.

हनुमंत : आठ वर्सं झाली तिला जाऊन. आता ऐकून काय ती उटून बसनाराय?

सई : नाही. तुम्हाला नको असेल तर मी निघते. मनाविरुद्ध काही सांगायचं नाही, हे फॉर्मच्या पहिल्याच ओळीत आहे.

हनुमंत : निगू नका. मळवली स्टेशनापसनं उन्हाचं चालत आलाय. त्या खुर्चीवर नका, हितं ओट्यावर बसा. बंगलेवाल्यांनी टाकून दिलेली खुर्ची हाय ती. एक पाय लंगडा हाय तिचा, पावन्यांनाच पाडती. घ्या, पानी घ्या. कुटल्या तुमी?

सई : तळेगावची. सई नाव माझं.

हनुमंत : आन हे कशापायी चाललंय समदं?

सई : कॅन्सरचा अभ्यास आहे. तालुक्यात गावांमध्ये कॅन्सरनं किती माणसं जातात, शहरांमध्ये किती जातात, वाढतायत की कमी होतायत, ते बघायचंय.

हनुमंत : मंग आमच्या दारात काय काम? सांगितलं की, आमची हार्टनं गेली.

सई : रजिस्टराप्रमाणे तुमच्या गावात दहा वर्षांत त्या आजारानं एकच माणूस गेलंय, आबा.

हनुमंत : मंग झ्याक हाय की. हवा चांगली हाय आमच्याकडची.

सई : आणि म्हातारपणानं एकतीस गेलेत. त्यातले नऊ जण पन्नाशीच्या आतले.

हनुमंत : आमच्यात म्हातारपन जरा लवकर येतंय.

सई : तेच बघत फिरतेय. विचारू पुढचं?

हनुमंत : इचारा. आलाच हाय तर.

सई : किती दिवस आजारी होत्या?

हनुमंत : दीड वरीस.

सई : हार्टचा त्रास दीड वर्ष होता?

हनुमंत : म्हंजी अशक्तपना. आन छातीत दुकायचं. हितं, डाव्या अंगाला.

सई : आतून, की वरून?

हनुमंत : तुमी तर पोलिसावानी इचाराय लागला.

सई : बरं, तो प्रश्न राहू दे. त्यांचं सगळं कोण करायचं? औषधपाणी, अंघोळ?

हनुमंत : म्या. दुसरं कोन हाय? लेक व्हती, हिरा. पन तिला म्या जवळ येऊ दिलं न्हाई. कापडं बी म्याच धुवायचो. दुपारचं वढ्यावर कुनी नसतंय, तवा जायचो.

सई : कसली कापडं?

हनुमंत : माज्या बापाची जुनी धोतरं व्हती, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती फाडून घड्या करून ठिवायचो. कडुनिंबाचा पाला उकळायचा, पानी कोमट झालं की पुसून घ्यायचं, कोरडं करायचं आन वर घडी ठिवायची. नवं कापड आनलं तर टोचायचं तिला. मला म्हनायची, तुमचा हात पोरीवानी हलका हाय, आदी ठाव असतं तर सैपाकाला बी लावलं असतं.

सई : जखम केवढी होती, आबा?

हनुमंत : तळहाताएवडी. नंतर नंतर त्याच्यापरीस मोटी.

सई : मी यातलं काही लिहिलेलं नाही. पेन खाली ठेवलंय, बघा.

हनुमंत : मगाशीच बगितलं.

सई : थोडं थांबूया आपण.

हनुमंत : एक इचारू का म्याडम? आमच्यातलं न्हाई. शेजारच्या एका बाईचं हाय.

सई : विचारा ना.

हनुमंत : तरनी पोर हाय. एकोनतीसची. दोन वर्साचं लेकरू, अजून अंगावर पितंय. तिला काखंपाशी गाठ लागती. बोराएवडी, दुकत न्हाई. दवाखान्यातल्या सिस्टरनं इचारलं, तुज्या घरात कुनाला असं झालतं का? ही म्हनली, न्हाई. मंग त्या म्हनल्या, दुदाची गाठ असंल, म्हैनाभर बगू. आता सांगा, म्हैनाभर थांबल्यानं काय व्हतं का?

सई : घरात खरंच कुणाला नव्हतं?

हनुमंत : तिनं सांगितलं की. माजी आई हार्टनं गेली म्हनून.

सई : शेजारच्या बाईची आईसुद्धा हार्टनंच गेली?

हनुमंत : आता कळलंच हाय तुमाला तर कशाला वडताय तोंडातनं.

सई : हिरा कुठं असते, आबा?

हनुमंत : तुमच्या तळेगावापल्याड इंदुरीला दिलीय. मानसं चांगली हाईत. जावई निलेश, कंपनीत जातो. पंदरा दीस झाले तिनं फोनवर सांगितल्याला. बोलता बोलता सांगितलं, कोंबडी खुडूक बसली म्हनून सांगावं तसं. तवापसनं अन्न गोड लागत न्हाई मला.

सई : तिला आईचं खरं का नाही सांगितलं?

हनुमंत : शकुनंच शपथ घातली. हिराची सोयरीक जुळत आलीती. लोक काय म्हनत्यात, आईला झालं की लेकीला व्हतंय. कुनी पोर केली असती? शकु म्हनली, तिला सांगू नका, कुनाला सांगू नका, लगीन लागू दे, मंग म्या जाते. आन वासाचं काय करायचं? जखमंला वास येतो, म्याडम. किती बी पुसलं तरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की कळायचं. मला सवय झालीती. पावन्यांना कशी असंल?

सई : मग काय केलंत?

हनुमंत : भात शिजवला.

सई : भात?

हनुमंत : आपला इंद्रायनी. शिजाय लागला की चार घरं सोडून कळतंय. पावनं येनार त्या दिशी सकाळपसनं चुलीम्होरं बसलो. एक पातेलं उतरलं की दुसरं चडवायचं. चार पातेली शिजवली. शकु आतल्या खोलीत, मदी पडदा, भाईर पावनं. मुलाचा बाप म्हनतोय कसा, काय घमघमाट हाय वो, जेवल्याबिगर उटायचंच न्हाई. आन आतनं शकु हसली. मला यकट्याला ऐकू आलं. दीड वर्सात तेवडीच हसली असंल ती.

सई : आबा.

हनुमंत : लगीन लागलं. एकविसाव्या दिशी गेली. सरकारी कागदावर हार्ट म्याच सांगून लिवून घेतलं. अजून शेतात इंद्रायनीच लावतो, पन खात न्हाई. शिजाय लागला की उटून भाईर जातो.

सई : मग आता हिराला सांगा. आजच सांगा.

हनुमंत : काय सांगू? तुजी आई ज्यानं गेली तेच तुला झालं असंल म्हनून सांगू? माज्या तोंडानं पोरीला मरान सांगू व्हय? गावातल्या गेणूच्या भावजईला झालं, गेली. वरल्या आळीत एकाच्या तोंडात झालं, त्यो गेला. डाक्टरनं नाव घेतलं की वरसाच्या आत मानूस न्हाई. एक तरी दावा मला त्यातनं उटल्यालं.

सई : आबा, मी डबा उघडू का? भूक लागलीय.

हनुमंत : उघडा की. भाकर देऊ का संगं? सकाळची हाय.

सई : द्या. मेथी आहे. आईनं केलीय आज सकाळी.

हनुमंत : नशीबवान हाय तुमी. आई डबा करून देती.

सई : तिला पण छातीचा कॅन्सर झाला होता. शकुबाई गेल्या त्याच वर्षी. डावीकडेच.

हनुमंत : कुनाला?

सई : आईला. ही मेथी केली ना, तिलाच.

हनुमंत : आज सकाळी केली म्हनला तुमी.

सई : आज सकाळी. निवडता निवडता भांडत होती माझ्याशी. म्हणे सव्विसावं संपत आलं, लग्नाचं बघायचं की नाही.

हनुमंत : म्हंजी जगत्यात व्हय त्यातनं?

सई : लवकर सापडला तर कितीतरी जण जगतात. आईची गाठ सुपारीएवढी असतानाच सापडली. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. वर्षातून एकदा तपासायला जाते आणि येताना भाजी घेऊन येते.

हनुमंत : आठ वर्सं.

सई : शहरात हा आजार कमी नाही, आबा, उलट जास्त जणांना होतो. पण तिथं लवकर कळतो म्हणून माणसं राहतात. इथं कळतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून तुम्ही फक्त गेलेलीच माणसं पाहिलीत. आई काही शकुबाईंपेक्षा शहाणी नव्हती. तीसुद्धा लाजत होती. शेजारी नर्स राहायच्या, त्यांनी हाताला धरून नेलं. दवाखाना दहा मिनिटांवर होता, एवढाच फरक.

हनुमंत : शकु म्हनलीती, लावनी झाली की दावू. मंग बेननी आली. मंग म्हनली, कापनी उरकू दे. आन दर येळी म्या म्हनलो, बरं. म्या बी बरं म्हनलो, पोरी.

सई : तुम्हाला माहीत नव्हतं.

हनुमंत : हिरा आता काय म्हनती ठावं हाय का? झोडनी उरकली की दावते.

सई : तिची गाठ साधीसुद्धा असेल. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण आई सेहेचाळिसाव्या वर्षी कशानं गेली हे तिथल्या डॉक्टरना कळलं, तर ते महिनाभर थांबा म्हणणार नाहीत. हे सांगणारं तुमच्याशिवाय कुणीच नाही.

हनुमंत : ती मेथी दे जरा इकडं. घासभर.

सई : सगळी घ्या.

हनुमंत : सगळी नगं. तुला अजून लय फिरायचंय. हं. मीठ बराबर हाय.

सई : आता लिहू मी फॉर्मवर, खरं काय ते?

हनुमंत : थांब. आदी लेकीला सांगतो, मंग कागदाला. ह्यो फोन मोट्या आवाजावर लाव बरं. तू बी ऐक, काय चुकलं तर सांग.

(सई फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

हिरा : जय भीम, आबा. आज मधल्या वक्ताला कसा काय फोन? जेवलाव का?

हनुमंत : जय भीम. जेवलो. तू दवाखान्यात कदी चाललीयास?

हिरा : सांगितलं न्हवं, झोडनी चाललीय. समदा भात खळ्यात पडलाय, मानसं मिळंनात. ती उरकली की जाते.

हनुमंत : पडू दे भात. उद्या जायाचं.

हिरा : आबा, कशाला एवडं टेन्शन घेता? सिस्टर म्हनल्या, दुदाची गाठ असंल.

हनुमंत : सिस्टरला तू खोटं सांगितलंस. तुजा दोष न्हाई. तुला म्याच खोटं सांगितलं व्हतं.

हिरा : काय खोटं?

हनुमंत : तुजी आई हार्टनं न्हाई गेली, हिरा. तिला कॅन्सर झालता. छातीचा. म्याच लपवून ठिवलं. हिरा? हाईस न्हवं?

हिरा : हाय.

हनुमंत : तुजं लगीन मोडंल म्हनून लपवलं, बाई. तिनं शपथ घातलीती. पन शपथ तुज्या लग्नापुरती व्हती. पुडची आठ वर्सं म्याच गप बसलो. चुकलं माजं.

हिरा : आबा, मला बगाय आलते त्या दिशी पावनं पाचच व्हतं.

हनुमंत : व्हय.

हिरा : आन तुमी चार पातेली भात शिजवला. दोन दीस आमी तेच खात व्हतो. मला तवाच वाटलं, कायतरी हाय. आईला भेटाय आत आले की तुमी अंग पुसायच्या निमतानं मला भाईर घालवायचा.

हनुमंत : मंग इचारलं का न्हाईस?

हिरा : इचारलं असतं तर तुमी रडला असता.

हनुमंत : रडलो असतो.

हिरा : आता मला बी तसंच व्हनार का, आबा? लेकरू लय ल्हान हाय माजं.

हनुमंत : ऐक. नीट ऐक. हितं माज्या शेजारी तळेगावची एक पोरगी बसलीय. तिच्या आईला त्योच झालता, तुजी आई गेली त्याच वर्साला. आज सकाळी त्या बाईनं मेथीची भाजी केली आन ती म्या आत्ता खाल्ली. मानसं उटत्यात त्यातनं, हिरा. मला ठावंच न्हवतं. येळंवर गेलं की उटत्यात. आन तुजी साधीच गाठ असंल तर दोगं मिळून हसू.

हिरा : खरंच खाल्ली?

हनुमंत : खरंच. मीठ बी बराबर व्हतं.

सई : ताई, मी सई बोलतेय. उद्या कुठं जायचं, कुणाला भेटायचं, ते सगळं मी आबांना लिहून देते. आईलाही सांगते. ती येईल तुमच्यासोबत, तुम्हाला चालणार असेल तर.

हिरा : चालंल, ताई. त्यांना बगायचंय मला.

हनुमंत : म्या सकाळच्या पयल्या गाडीनं निगतो.

हिरा : घरात सासूबाईंना काय सांगू?

हनुमंत : खरं सांग. तुज्यानं जमलं न्हाई तर म्या आल्यावर सांगतो. त्या दिशी पडद्याआड लपवलं, आता समोर बसून सांगतो.

हिरा : मला एकटीला आत पाटवू नका तितं.

हनुमंत : दारापसनं हलनार न्हाई.

हिरा : या मग. उपाशी निगू नका, हितं खाऊनच जाऊ दवाखान्यात. भाकरी टाकून ठिवते. भात तुमी शिवत न्हाई, ठाव हाय मला.

हनुमंत : भातच टाक, हिरा. इंद्रायनी टाक.

हिरा : आबा?

हनुमंत : पन एकच पातेलं.