दुतोंडी आगटी

मंडळी, ऐका. एक विचारतो, उत्तर मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. माणसाला ऊब पोचती केली, म्हणजे त्याला घरात घेतलं — असं होतं का? घाई नको. आधी रावजीला भेटू.

घाटमाथ्यावरची निवळवाडी. थंडी अशी, की देवानंसुद्धा घोंगडी मागावी! तिथं रावजीनं नवं घर बांधायला काढलं. घरात म्हातारा बाप धोंडजी, बायको सगुणा आणि तान्ही लेक. धोंडजीला जुनाट खोकला. सगुणा म्हणाली, "पोरीला बाधेल हो. मामंजींचं अंथरूण पडवीत घालू." वाईट नव्हती बाई, पोरीच्या जिवाला भीत होती. आणि रावजी? त्याला बायकोचा शब्द मोडवेना, बापही गारठू देववेना.

तेवढ्यात गवंडी हरबानं विचारलं, "भिंतीतली आगटी एकतोंडी ठेवू, का दुतोंडी? दुतोंडी केली तर एकाच लाकडावर माजघर शेकेल नि पडवीही."

दुतोंडी! माणसं दुतोंडी असतात हे ठाऊक होतं आपल्याला — समोर बसलेत त्यांना सोडून बोलतोय, रागावू नका — पण आगटीही असते बरं का! रावजी हरखला. साप मेला, काठीही मोडली नाही. "दुतोंडीच कर," म्हणाला.

"पण तिची एक खोड आहे," हरबा म्हणाला. "बाहेरून वारा सुटला की धूर सगळा आत येतो. मग बाहेरचं तोंड फरशीनं झाकावं लागतं. बाहेर बसेल त्याचं काय करायचं, ते आत्ताच ठरव."

"बघू तेव्हा."

बघू तेव्हा! मंडळी, किती संसार चाललेत या दोन शब्दांवर?

वास्तुशांत झाली. तिथली रीत अशी, की वडीलधाऱ्याला हात धरून उंबऱ्याआत घ्यायचं आणि पहिला विस्तव त्याच्या हातून पेटवायचा. रावजीला वाटलं, आबा चार पाहुण्यांत खोकत येतील. म्हणाला, "आबा, बाहेरूनच पेटवा की. विस्तव एकच ना!" धोंडजीनं क्षणभर उंबऱ्याकडे पाहिलं, आणि बाहेरून काडी लावली. पाहुण्यांनी आगटीचं कौतुक केलं, नि जेवायला बसले.

मग थंडीभर बापलेक जाळातून बोलले. "आबा, जेवलात?" "जेवलो." "ऊब लागते ना?" "लागते, बाबा." रावजीला जाळापलीकडे म्हाताऱ्याचे दोन तळवे तेवढे दिसायचे. तो समाधानानं निजायचा. ज्याची लाज वाटावी, त्याचंच समाधान!

पौषात एका संध्याकाळी वारा उठला. माजघर धुरानं भरलं, पोर गुदमरायला लागली. "अहो, झाका ते बाहेरचं तोंड," सगुणा म्हणाली. रावजी उठला, आणि फरशी सरकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यानं आपल्याच हातानं आगटीचं बाहेरचं तोंड झाकलं होतं.

"आबा, बरंय ना?" रावजीनं आतून विचारलं. फरशीपलीकडून काही नीट ऐकू आलं नाही.

दार तीन पावलांवर होतं, मंडळी. त्याच्या मनात आलंही, की जावं, आबांना आत घ्यावं. मग वाटलं, धूर निवळून पोर आत्ताच निजलीय, खोकल्यानं उठेल. वारा पडला की फरशी काढू. असं म्हणत तो आगटीशी बसला, आणि उबेनं त्याचा डोळा लागला.

सकाळी दार उघडलं. धोंडजी त्या फरशीला पाठ लावून बसला होता. अंग केव्हाच गार पडलं होतं.

माणसं जमली, तिरडी बांधायला घेतली. गावातला एक म्हातारा म्हणाला, "थांबा. मयत घरातनं निघते. याला आधी आत न्या." रावजीनं बापाला खांद्याखाली धरलं, उंबऱ्यापाशी आला, आणि तोंडातून निघून गेलं — "या आबा, आत या."

मंडळी, गप्प का झालात? औषधं पाठवता, सणाला लुगडं नेता, फोनवर विचारता, "बरंय ना?" पलीकडून येतं, "बरंय." आपण निजतो. मीही निजतो, इथं उभा आहे म्हणून सुटलो नाही. आता एकदा हरीचं नाव घ्या आणि उठा. घरी कोणी बाहेर बसलं असेल, तर ऊब लागते का ते विचारू नका. हात धरा.