पान्हा चोरणारी गाय

मंडळी, ऐका! आधी एक विचारतो, मग टाळ वाजवा. जनावर पाळलं म्हणजे आपण नेमकं काय केलं? त्याला सांभाळलं, का नुसतं बांधलं? — अहो, माना कसल्या डोलावताय? अजून मी काही सांगितलंच नाही!

जोंधळ्याचं कणीस आपलं, मेंढीची लोकर आपली, माशीनं साठवलेला मधसुद्धा आपलाच! घ्या बाबा, देवानं दिलंय. पण घ्यायचं तरी किती?

तर आमच्या गावात एक तुळाजी. त्याची गाय पवळी. पहिलारू, खाली गोजिरवाणी कालवड. तुळाजीला एकच हौस — डेअरीत सगळ्यात मोठी किटली आपली असावी! मग काय करायचा? कालवड सोडायची, तिनं दोन ढुशा मारल्या, पवळीला पान्हा फुटला — की हा कालवडीला ओढून खुंट्याला बांधायचा आणि चारही सड शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचा!

बायको सुंदराबाई म्हणायची, "अहो, एक सड तरी ठेवा लेकराला!"

"गवत खाईल ती!"

गवत! अरे, पंधरवड्याची पोर ती! तुझ्या नातवाला पाळण्यात भाकरी भरवशील का रे?

कालवडीच्या बरगड्या दिसायला लागल्या. उठेना. आणि एक दिवस पवळी धारच देईना. आला की तुळाजी माझ्याकडं, अंगारा मागायला! "महाराज, गाय पान्हा चोरते."

काय म्हणाला? चोरते! मंडळी, माझं डोकंच फिरलं. दूध कुणाचं? तिचं. पोर कुणाची? तिची. पोरीसाठी राखलं, तर ती चोर! आणि चरवी घेऊन खाली बसलेला हा कोण — साव? हसू नका! हा शब्द तुमच्याही घरात आहे, मी ऐकलाय.

गेलो गोठ्यात. म्हटलं, "सोड कालवड."

"महाराज, सगळं पिऊन टाकील!"

"पिऊ दे! नाहीतर उद्या तिला पुरायला खड्डा खण!"

हा हलेना. शेवटी सुंदराबाईनंच दावं सोडलं, कालवड उचलून आईपाशी ठेवली. पवळी तिला चाटायला लागली — आणि पान्हा असा फुटला, सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं! पण कालवडीला मान उचलवेना. तोंडासमोर दूध, अन् पिता येईना!

आणि आमचा तुळाजी? चरवी आणायला धावला! वाया जातंय म्हणून!

तेव्हा त्या बाईनं, नवऱ्यापुढं जिचा आवाज कधी चढला नव्हता तिनं, चरवी हिसकावली अन् उकिरड्यावर भिरकावली. "खबरदार सडाला हात लावाल तर!" ओंजळीत धार घेतली, बोट चोखायला दिलं, थेंब थेंब पाजलं. आम्ही नुसते बघत उभे. किती तरी वेळानं कालवडीनं घटकन गिळलं! मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? तुळाजी भिंतीला टेकून खाली बसला.

वाचली कालवड. पण तुळाजीला हसलात ना सगळे? मग ऐका! उद्या काला आहे. दूध-दही तुमच्याच गोठ्यांतून यायचंय. घागरी मिरवत याल, ठाऊक आहे मला! पण पहाटे मी दारोदार येणार. घागरीत डोकावणार नाही — वासराच्या पोटावरून हात फिरवणार! पोट खपाटीला गेलेलं असलं, तर त्या घरचं दूध देवापुढं येणार नाही. मग ते पाटलाचं असो, नाहीतर विणेकऱ्याचं!

— का हो विणेकरीबुवा, वीणा का थांबली?