शनिवारचा पाव

अगं, आत ये ना, अशी दारात काय उभी — माझे हात पिठाचे आहेत, नाहीतर मीच खुर्ची ओढली असती. ओळखलं मी, डॅरलची बायको ना तू, रॉन्डा? मी शनिवारी पाव घेऊन येते तेव्हा तू स्वयंपाकघरातच असतेस, बाहेर येत नाहीस. नाही, राग नाही गं. उद्या लँकेस्टरचा बाजार आहे, म्हणून ही घाई — काकवीची बिस्किटं आधी भाजून काढायची, मग पाव. मेनोला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तू बघितलंयस. त्या संध्याकाळी बिशपना घेऊन तुमच्याकडे आला होता, डॅरलचे हात हातात घेऊन म्हणाला ना, आम्ही तुला माफ केलं? म्हणाला असेल. आमच्या पंथात तसंच असतं — पोरीचा देह अजून हॉस्पिटलातून घरी आला नाही आणि माफी देऊन मोकळे. मी नव्हते आले. मी इथेच होते, याच टेबलापाशी.

त्या दिवशी द्रुसीनं, माझ्या पोरीनं, दुपारी पीठ मळून ठेवलं होतं. ओला फडका घातला आणि म्हणाली, मम्म, अंडी पोचवून येते, मग पाव मीच लावते, तू हात नको लावूस. घोडा जोडला आणि गेली. पुढचं तुला माहीत आहे — उतार, तुझ्या नवऱ्याचा पिकअप, त्याच्या हातातला तो फोन. बग्गीमागचा इशाऱ्याचा एवढा मोठा नारिंगी त्रिकोण दिसला नाही म्हणे. निरोप घेऊन माणसं आली, गेली, आणि मी वळून बघते तर पीठ फुगून परातीबाहेर आलेलं. ती गेली आणि हे आपलं फुगतंच आहे! काय करणार होते मी? टाकवेना. मुठीनं दाबलं, साच्यात घातलं, भाजलं. तेवढ्यात मेनो म्हणाला, त्या माणसाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, सलोमा — एक पाव दे बांधून. दिला. तो पाव — तू खाल्लास? लोणी लावून? असू दे. तुला काय माहीत.

हो, डॅरलला मी सांगितलं. नंतर एका शनिवारी. पहिला पाव तिच्या हातचा होता म्हटलं. तो उठून अंगणात गेला, ओकला, आणि परत येऊन माझ्यासमोर बसला. मग दर शनिवारी मी एक तुकडा कापते, त्याच्यापुढे ठेवते, तो खातो आणि रडतो. मुद्दाम? कोण म्हणतं मुद्दाम — पाव नेणं हा काय गुन्हा आहे? सगळी मंडळी म्हणतात, सलोमाचं मन बघा केवढं! आणि तुला सांगू का, या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. देवाची मर्जी म्हणायचं आणि मान खाली घालून जेवायचं. तिच्या खुंटीवर मेनो आपली हॅट लावायला लागलाय. रडतं कोण तिच्यासाठी? तुझा नवरा रडतो. तेवढं एकच घर आहे जिथे ती मेलेली आहे — इथे तर जणू नव्हतीच कधी. मग मी शनिवारी जाऊ कुठे, सांग ना? तो चांगला सावरला, कामाला लागला, हसायला लागला, तर मग —

काय म्हणालीस?

बंदूक. हरणांच्या शिकारीची. गोठ्यामागे ती घेऊन बसलेला — आणि तुला कसं कळलं? पाव खायला ये म्हणून हाक मारायला गेलीस. माझा पाव.

आहे ना? जिवंत आहे ना गं? झाडली नाही त्यानं? — बरं. बरं. बस तू, थांब, मलाच बसू दे जरा. बंदूक तुझ्या भावाकडे दिलीस ना? नाही? मग आजच दे, आजच्या आज, घरी गेल्या गेल्या. आणि त्याला एकटं ठेवू नकोस.

नाही येणार मी. या शनिवारी नाही, पुढच्याही नाही. सांग त्याला. आणखी काय सांगू? माफ केलंय म्हणून? ते मेनोनं सांगितलंय की. मला नको विचारूस, रॉन्डा. मी म्हटलं तर ते खोटं असेल, आणि खोटं त्याला कळेल — दर शनिवारी समोर बसलाय तो माझ्या.

चाकांचा आवाज आला. मेनो असणार. यातलं त्याला काही कळता कामा नये, ऐकलंस? डोळे पूस. मागच्या दारानं जा, कोंबड्यांच्या खुराड्यावरून वाट आहे. जा म्हणते ना.