झुलत्या पुलाचा देवचार

ऐका. मागे कोण कुजबुजतंय? गप्प बसा, ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्यावर बेतलेली आहे.

दिवेलागण झाली आणि माझ्या बायकोला, गोदेला, कळा सुरू झाल्या. दवाखाना नदीपल्याड, मधे झुलता पूल. चार गडी, खांद्यावर डोली, पुढे मी कंदील घेऊन. निघालो.

आता त्या पुलावर देवचार, म्हणजे जागेचा राखणदार. अंधार पडला की दोरातून टण्ण करून वाजायचा. वाजला की समजायचं, काहीतरी मागतोय. मग तिथेच दोराला लाल चिंधी बांधायची, वर तांब्याभर पाणी ओतायचं. गुरवाने घालून दिलेली रीत. वीस वर्षं बांधत होतो. मध्यावर लोखंडी दोर चिंध्यांखाली दिसेनासा झाला होता. मला आपला संशय. देवचाराला इतक्या चिंध्या लागतात कशाला?

पुलावर चार पावलं गेलो. टण्ण! डोलीवाला सदोबा म्हणाला, बांध. बांधली. पुढे गेलो. टण्ण, टण्ण! पुन्हा बांधली. महिन्यातून एकदा वाजणारा, आज पावलागणिक वाजतोय. मध्यावर आलो तर फळ्या एका अंगाला कलल्या. गोदा कण्हली. आणि माझ्याजवळ चिंधी उरली नव्हती.

म्हटलं, जुनीच सोडून पुन्हा बांधू. गाठ सैल करून हात घातला. आत ओलं, गार. बोटांत काहीतरी रुतलं. कंदील जवळ नेला. ऐका, दोराच्या निम्म्या तारा तुटून खराट्यासारख्या उभ्या! तार हाताने वाकवून वाकवून तोडतो ना आपण? पूल रोज हलला, तार रोज वाकली. वर आमच्या ओल्या चिंध्यांनी गंज पोसला.

सदोबा म्हणाला, "चिंधी सोडू नकोस. देवचार कोपेल."

मी म्हटलं, "डोली ठेवा. एकेकाने मागे फिरा."

ते गेले. मग गोदेला धरून मी, एकेक पाऊल. पाय मातीला लागले आणि मागे बंदुकीसारखा आवाज झाला. दोर गेला. डोली, फळ्या, सगळं नदीत. पोर तिथेच काठावर झाली.

गुरव अजून म्हणतो, चिंधी सोडलीस म्हणून कोपला. मला नाही पटत. देवचार होता, हे मी मानतो. पण तो मागत नव्हता हो, सांगत होता. एकेक तार तुटली की हाक मारायचा, आणि आम्ही त्याच्या तोंडाला फडकं बांधत गेलो.

आता नवा पूल झालाय. परवा पाहिलं, मध्यावर कोणीतरी चिंधी बांधलीय. म्हणजे तिथेही टण्ण झालंय. कोसभर वळसा पडू दे, पण त्या वाटेने जाऊ नका.